धुरपता कुंभारणीचे नऊ पेले
सरकून बसा, जवळ या. मागे भिंतीला टेकू नका. ही गोष्ट ऐकताना भिंतीकडे सारखं बघावंसं वाटतं, मी आधीच सांगून ठेवतो.

फार वर्षांपूर्वी, आपल्या चिखलटोलीच्या तळ्याला पाळसुद्धा नव्हती तेव्हा, तळ्याकाठी धुरपता नावाची कुंभारीण राहत होती. तिच्या हातचं मडकं बोटानं वाजवलं की घंटेसारखा नाद निघायचा, असं म्हणतात. पाण्याचे रांजण तिचे, लग्नातली बोळकी तिची, आणि मोहाची दारू गाळायची मडकीही तिचीच. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मोहाची फुलं पडायची, घरोघरी गाळली जायची, देवालाही थेंब मिळायचा.

तिचा नवरा डोमा. माती तुडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हात कसला, पाय म्हणा! हा डोमा आधी सणाला प्यायचा. मग माती तुडवून थकला की प्यायचा. मग तुडवायच्या आधी प्यायला लागला. शेवटी असं झालं की सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याचे हात थांबेनात. हात कापू नयेत म्हणून तो प्यायचा, आणि प्यायल्यामुळेच ते कापायचे. लोक म्हणायचे, डोमानं लाज सोडली. लाज सोडली असती तर तो मडकी भाजायच्या आव्यामागे तोंड लपवून रडला असता का? धुरपताला ते रडणं ठाऊक होतं.

गावचा भगत तिला म्हणाला, "कोंड त्याले. थेंब देऊ नोको. तीन दिवसांत भूत निघून जाते."

धुरपताला ते पटलं. तिला नवरा हवा होता. तिने डोमाला मडकी ठेवायच्या कोठीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. कडी तिने स्वतःच्या हाताने लावली, एवढं ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी डोमाने शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तो विनवण्या करत होता आणि त्याचे दात वाजलेले अंगणात ऐकू येत होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तो किंचाळायला लागला.

"धुरपते, मुंग्या! भिंतीतून मुंग्या निघून राहिल्या! उघड! पानी दे!"

धुरपताचा हात कडीवर गेला. भगत तिथेच बसला होता. "नाटक हाय," तो म्हणाला. "भूत जाता जाता बोंबलते. आता उघडलं तं सारं वाया."

तिने हात मागे घेतला. आत काहीतरी जमिनीवर धाडधाड आपटत राहिलं, बराच वेळ. मग सगळं शांत झालं. लोक म्हणाले, गेलं एकदाचं भूत.

गेला होता तो डोमा. असं म्हणतात की त्याच क्षणी आव्यात भाजायला रचलेली सगळी मडकी एकदम तडकली आणि तो आवाज तीन कोसांवर ऐकू गेला. धुरपताने कडी काढली तेव्हा त्याची बोटं दाराच्या फटीत अडकलेली होती.

त्यानंतर ती फारशी बोलेनाशी झाली. कोठीजवळून जाताना कानावर पदर ओढायची. अंगणात मुंगी दिसली तरी तिला कापरं भरायचं.

पाच-सहा उन्हाळे गेले. एके दिवशी तिचा धाकटा भाऊ सुकरू दारात येऊन उभा राहिला. त्याला तिने कडेवर खेळवलं होतं. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. ते बघूनच ती समजली, याचेही हात कापतात.

"बाई," सुकरू म्हणाला, "मले सोडायची हाय. पन एक दिवस नाही घेतली तं जीव जाते माझा. तू काय बी कर. मले कोंडू नोको."

 दिली तर दारू त्याला खाईल, आणि न दिली तर तो डोमाच्या वाटेनं जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात भगतही आला. तो नुसता कोठीच्या कडीकडे बघत राहिला. ती अंगणात मटकन खाली बसली.

या गडबडीत सकाळी घडवलेली ओली मडकी उन्हातच राहिली होती. टिक्! एक तडकलं. टिक्! दुसरं तडकलं. धुरपता ऐकत बसली.

कुंभाराच्या घरचं शेंबडं पोरही जाणतं की ओलं मडकं एकदम उन्हात ठेवायचं नसतं. सावलीत ठेवायचं, रोज थोडं थोडं वाळू द्यायचं, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. जन्मभर मातीवर तिने जेवढी माया केली, तेवढीही नवऱ्यावर केली नव्हती. हे तिला कळलं आणि ती गाव जमेपर्यंत रडली. मग उठून तिने चाकाला काठी लावून ते गरगर फिरवलं.

तिने नऊ पेले घडवले. पहिला ओंजळीएवढा, दुसरा त्याहून जरा लहान, तिसरा त्याहून लहान, असे उतरत उतरत आठवा बोराएवढा झाला. नवव्या वेळी तिचे डोळे भरलेले होते आणि हातांनी आपोआपच काम केलं, असं म्हणतात. बघते तर पेला दिसायला पेलाच, पण आत पोकळीच नाही! सगळा भरीव गोळा.

ज्या दिवशी जो पेला, तो सकाळी, दुपारी आणि सांजेला दारूनं भरायचा. चौथ्यांदा नाही. मध्ये पेज, मीठ-गुळाचं पाणी, आणि अंगणातल्या मांडवाच्या सावलीत अंथरूण. सुकरूचं मनगट तिच्या हातात.

"दारू सोडवाले दारू देते!" भगत चारचौघांत ओरडला. "येडी झाली बाई!"

"वाळू दे त्याले," धुरपता म्हणाली. "सावलीत."

तोंडानं म्हणाली खरी, पण दोन्ही रात्री ती त्याचा श्वास मोजत बसली. तिसरा दिवस उजाडला. भर दुपारी सुकरूचं अंग घामानं निथळलं आणि तो थरथरायला लागला.

"बाई, मुंग्या."

धुरपताने भिंतीकडे पाहिलं. असं म्हणतात की तिलाही त्या दिसल्या. तांबड्या, रांगच्या रांग. तिने डोळे मिटले नाहीत. "असू दे," ती म्हणाली. "मी हाय. हात सोडत नाही."

मग सुकरूने कोठीच्या दाराकडे बोट केलं. "भाऊजी उभे हायेत तिथं."

 तिने विचारलं, "काय म्हनतेत?"

"पानी मागतेत."

धुरपताने भावाचं मनगट पळभर जवळ बसलेल्या एका शेजारणीच्या हातात दिलं. पाण्याचा पेला भरला, कोठीपर्यंत गेली आणि तो उंबऱ्यावर ठेवला. "घ्या," ती म्हणाली. "चुकलं माझं." मग दोन्ही हातांनी तिने दाराची कडी उपटली आणि तळ्यात फेकून दिली.

सांजेला पेला कोरडा होता. उन्हानं आटला म्हणणारेही आहेत. ते काही त्या दुपारी तिथे नव्हते.

सुकरू जगला. नवव्या दिवशी त्याने तो भरीव पेला ओठाला लावला आणि जिभेला नुसती माती लागली. "आता काय?" त्याने विचारलं. "आता काही नाही," ती म्हणाली. "बस माझ्यासंग."

इथे गोष्ट संपली असं समजून उठू नका. पोळ्याला सुकरू पुन्हा प्यायला! गाव म्हणालं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. तो तोंड लपवत आला तेव्हा धुरपताने शिवी दिली नाही, चाकाला काठी लावली. "एक मडकं फुटलं म्हनून कुंभारीन चाक मोडते काय?" दुसऱ्यांदा नऊ पेले झाले. तिसऱ्यांदाही झाले. त्यानंतर मात्र लागले नाहीत. सुकरू केसांचा कापूस होईपर्यंत जगला आणि त्याच्या कमरेला नववा पेला कायम बांधलेला असायचा. पुढे एक दिवस भगतही आला, हात काखेत दाबून. धुरपताने त्याच्यासाठीही मांडवाखाली अंथरूण टाकलं.

आता तालुक्याला दवाखाना आहे. डॉक्टर सांगतात, हा आजार आहे, मुरलेल्या माणसाची दारू एकदम तोडली तर जिवावर बेततं, तेव्हा घरी काही करत बसू नका, इकडे आणा. आठ पेल्यांचं काम तिथल्या गोळ्या करतात, आणि त्याही दिवसागणिक कमी होत जातात. डॉक्टरांना वाटतं ते आपल्याला नवं सांगतात. आपण मान डोलावतो आणि माणूस त्यांच्या हवाली करतो. नववा पेला मात्र अजून आपले कुंभारच देतात. माणूस परत आला की रोज कोणी ना कोणी त्याच्याजवळ बसायला जातं. आणि तो दवाखान्यात असेपर्यंत त्याच्या घरच्या उंबऱ्यावर डोमासाठी पाणी ठेवलेलं असतं.

आणखी एक. चिखलटोलीत कोणी नवं घर बांधलं की बाहेरगावचा सुतार हटकून विचारतो, दाराला बाहेरून कडी कुठे लावू? म्हातारे सांगतात, आतून लाव, बाहेरून आमच्यात लावत नाहीत. सुतार हसतो. म्हणतो, अहो, चोर आला तर?

"येऊ दे," म्हातारे म्हणतात. "नेऊन नेऊन काय नेईल? मडकीच नेईल."