शेजाऱ्यांना न सांगितलेली गोष्ट

एकदा एक शिष्य धरणावरच्या नियंत्रण कक्षात आपल्या गुरुजींची वाट पाहत उभा होता. गुरुजी त्याचे काम तपासणार होते.

काम त्याने मन लावून केले होते, यात शंका नाही. डोंगरातल्या चौक्यांवरून नदीच्या पातळीचे आकडे या कक्षात येत आणि पाणी चढले की इथून खालच्या गावांचे भोंगे वाजवले जात. या निरोपांना वाट दाखवणारे यंत्र, म्हणजे राऊटर, शिष्याच्या ताब्यात होते. ते ऐन वेळी बंद पडले तर पूर येऊनही भोंगा वाजायचा नाही, आणि खालच्या पहिल्याच गावात त्याची बहीण नांदत होती. या धास्तीने त्याने राऊटरमध्ये त्याला चालवणारी कार्डे एकाऐवजी दोन बसवली होती. एक काम करी, दुसरे तयारीत बसे. पहिले गेले की दुसऱ्याने क्षणात सूत्रे हाती घ्यायची.

गुरुजी आले. चहा नको म्हणाले. राऊटरपुढे उभे राहिले आणि एक शब्द न बोलता त्यांनी चालू असलेले कार्डच ओढून बाहेर काढले.

दुसरे कार्ड खरोखरच क्षणात जागे झाले. पण पडद्यावरचे चौक्यांचे आकडे मात्र एकेक करून नाहीसे झाले. यंत्र शाबूत, वीज शाबूत, तारा शाबूत, आणि वरून एक निरोप येईना. आत्ता पाणी चढत असेल तर? त्याला बहिणीचे घर दिसू लागले. तो पडद्याकडे पाहत राहिला. गुरुजी खुर्ची ओढून स्वस्थ बसले होते. बऱ्याच वेळाने आकडे परत आले.

"नदीकाठी मी माणूस उभा केला आहे. पाणी चढलं असतं तर त्याचा फोन आला असता," गुरुजी म्हणाले. "आता सांग, काय चुकलं?"

"कार्ड तर लगेच जागं झालं, गुरुजी."

"झालं ना. पण चौक्यांवरचे राऊटर, म्हणजे तुझ्या राऊटरचे शेजारी, त्याला सारखी हाक देत असतात. कार्ड बदलताना क्षणभर जरी ओ मिळाली नाही, तरी हा मेला असं धरून ते इकडची वाट पुसून टाकतात, आणि ती पुन्हा आखायला वेळ लागतो. 'मी मध्येच गप्प झालो तर थोडं थांबा, वाट पुसू नका,' असं त्यांना आधी सांगून ठेवायची सोय असते. तुला ठाऊक नव्हती?"

शिष्याने मान खाली घातली. "ठाऊक होती. पण ती त्यांच्या यंत्रांवर करावी लागते. माझं यंत्र पडू शकतं, असं प्रत्येक चौकीला फोन करून सांगावं लागलं असतं. मी इथे नवा. ते म्हणाले असते, याला स्वतःच्या कामाचीच खात्री नाही."

गुरुजी हसले नाहीत. "पडण्याची भीती वाटली म्हणून तू दुसरं कार्ड बसवलंस. ती भीती लोकांना दिसेल, याची त्याहून भीती वाटली म्हणून गप्प बसलास. अरे, मी पडतच नाही अशी ऐट मिरवणारा एकदा गप्प झाला, तर लोक त्याला मेलाच समजणार. त्यांचा काय दोष? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाजारात ठीक आहे. धरणावर मूठ उघडीच हवी."

शिष्याने फोन उचलला. सर्वांत वरच्या चौकीवर खरातकाका नावाचे जुने कर्मचारी होते. "काका, माझा राऊटर कधी ना कधी पडेल," तो चाचरत म्हणाला. "पडला तर तुमच्या राऊटरने जरा थांबावं, अशी सोय करायची आहे."



"बरं झालं बोललास," खरातकाका म्हणाले. "आमचा पण पडतो रे अधूनमधून. कुणाला सांगायची लाज वाटायची. तू पण आमच्यासाठी थांबत जा."

मग शिष्याने पुढच्या चौकीचा नंबर लावला.

आपण गप्प झालो तर थोडे थांबा, असे आपण कोणाला सांगून ठेवले आहे, हे ज्याने त्याने पाहावे.