शुक्राच्या वायूतला खड्डा

“बाई, या खड्ड्याला माझं नाव देता येईल का हो?” हेरंबने विचारलं.

परचुरेबाईंनी आलेख हातात घेतला. शुक्रावर असतो तो कार्बन डायऑक्साइड काचेच्या नळीत भरायचा, त्यातून अतिनील प्रकाश सोडायचा आणि वायूने त्यातला किती गिळला ते मोजायचं. बाई हे काम तीस वर्षं करत होत्या, हेरंब तीन महिने. पण त्याच्या आलेखात मधेच, प्रकाश एकदम कमी पोचला तिथे, पडलेला हा खड्डा आजवर जगात कुणाला सापडला नव्हता. उद्या परिषदेत तो जाहीर करायचा म्हणून पठ्ठ्याने भावाच्या लग्नातला कोट ट्रंकेतून काढून आणला होता. प्रयोगशाळेत खुंटी नव्हती, म्हणून कोट अतिनील दिव्याच्या पेटीवर घडी घालून ठेवला होता.

“नळी रिकामी कर,” बाई म्हणाल्या.

“रिकाम्या नळीत काय मोजायचं?”

बाईंनी पंपाकडे बोट दाखवलं.

हेरंबने तोंड वाकडं करत पंप लावला. वायू उपसला आणि पुन्हा मोजलं.

खड्डा जागच्या जागी!

दुसरा कुणी असता तर वरमला असता. हेरंबने टाळी वाजवली.

“बाई, म्हणजे पोकळीसुद्धा प्रकाश गिळते! हा तर त्याहून मोठा शोध!”

बाईंनी हवा हुंगली. मग उठल्या, कोट उचलला आणि बाहेर गॅलरीच्या कठड्यावर टाकला.

“अहो बाई, चुरगळेल तो!”

बाईंनी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, चहा मागवला. चहा सावकाश संपवून म्हणाल्या,

“आता मोज.”

रेषा सरळ आली. खड्ड्याचा मागमूस नाही.

हेरंब गॅलरीत गेला. कोटाला नाक लावलं.

“डांबराच्या गोळ्या...”

आईने ट्रंकेत ओंजळभर टाकल्या होत्या. पेटीच्या उबेने त्यांचा वास दिवा आणि नळी यांच्यामधल्या उघड्या फटीत उतरत होता, आणि प्रकाश तोच गिळत होता.

हेरंबला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

“बाई, उद्या सकाळी माझं भाषण आहे. आता मी काय करू?”

बाईंनी कोट झटकला आणि त्याच्या खांद्यांवर नीट घातला.

“कोट घालून जा. शोभतो तुला. फक्त शुक्रापासून चार हात लांब उभा राहा.”