केरोबाच्या घरी काचेची तार

आंबेखोल गावात एक भोळा नवरा होता. नाव केरोबा. सांगावं ते तो करायचा. अगदी सांगावं तेवढंच.

एकदा गावात फायबर आलं. रस्ता यायचा होता, तो देवाच्या मनात येईल तेव्हा येईल. पण इंटरनेट काचेच्या तारेतून आलं. जाहिरातीत लिहिलं होतं, आता डॉक्टर घरबसल्या दिसेल. दवाखान्यात तो दिसत नव्हताच, म्हणून सगळे खूश झाले. केरोबाच्या बायकोला, मथुराला, काशीची आरती घरात पाहायची होती. तिनंही तार घेतली.

तारवाला पद्माकर आला. म्हणाला, "काका, पेटी उद्या बसवतो. तारेत काच आहे, तोवर ती वाकवायची नाही."

"बरं."

केरोबानं दारापासून देव्हाऱ्यापर्यंत तार सरळ ताणून बांधली. गुडघ्याच्या उंचीवर. मथुरा नैवेद्याचं ताट घेऊन आली. नैवेद्य देवापर्यंत पोचला. मथुरा अलीकडेच राहिली. पाय प्लास्टरात गेला.

आता पंचाईत झाली. सुरतेला मथुराच्या भावाला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली होती. मथुरानं त्यासाठी सोळा सोमवार केले होते, तेही दोनदा. बारसं चार दिवसांवर आलेलं. एकुलती एक आत्या तीच. बाळाच्या कानात नाव तिनंच सांगायचं.

भाऊ म्हणाला, "ताई, रडू नकोस. फायबर आलंय ना? व्हिडिओवर सांग. मी फोन बाळाच्या कानाशी धरतो."

दुसऱ्या दिवशी पद्माकरनं पेटी बसवली. विचारलं, "काका, नाव काय ठेवायचं?"

"शाल्मली. ठरलंय आमचं."

"छान. आता पासवर्ड. एखादा शब्द, मग ॲट, मग आकडा."

केरोबानं खिडकीत पाहिलं. मग मथुराच्या जपमाळेकडे पाहिलं. "भोपळा ॲट एकशे आठ."

"एकदम मजबूत! कुणी चोरणार नाही. पण कागदावर लिहायचा नाही हं. लिहिलेला दिसला तर फाडायचा. पाठ असेल तोच सांगायचा."

"बरं."

संध्याकाळी शेजारच्या गोदाकाकू आल्या. "मथुरा, भाचीचं नाव शाल्मली का गं? माझ्या मोबाइलवर वायफायच्या यादीत दिसतंय."

मथुरानं कपाळावर हात मारला. "अहो, बारशाआधी नाव असं गावभर करतात? गुपित असतं ते! जवळ जाऊन, कुर्रर्र करून, कानात सांगायचं!"

"बरं."

मथुरानं मनातल्या मनात दुसरं नाव ठरवलं. या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "केरोबा, पासवर्ड सांगा की. मलाही जरा कीर्तन ऐकू दे."

पासवर्ड म्हणजे गुपितच. केरोबा जवळ गेला. काकूंच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र..."

काकूंनी त्याच्या पाठीत पाच धपाटे घातले. केरोबाला बरं वाटलं. बारशात नाव सांगणाऱ्या आत्यालाही बायका धपाटे घालतातच. म्हणजे जमलं.

मथुरा त्याच्यावर इतकी ओरडली की तिचा घसा बसला. बसला तो उठेचना.

बारशाचा दिवस उजाडला. फोनवर सुरत लख्ख दिसत होती. पाळणा दिसला, बाळाच्या गालावरची तीट दिसली. तारेत काही खोट नव्हती, हे कबूल करायला हवं. खोट असलीच तर तारेच्या अलीकडे होती.

"ताई, सांग आता," भाऊ म्हणाला.

मथुरानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिनं घाईघाईनं कागदावर नाव लिहिलं, केरोबाच्या हातात दिलं आणि फोनकडे बोट केलं.

केरोबानं कागद पाहिला. गुपित! आणि कागदावर! त्यानं टराटरा फाडून त्याचे चार तुकडे केले. मग तो फोनवर वाकला. पाठ होतं तेच सांगितलं.

"कुर्रर्र... भोपळा ॲट एकशे आठ!"

सुरतेत पाळणा हलवणारे हात जागीच थांबले. लाइन गेली की काय असं वाटलं. मग टाळ्या वाजल्या, घुगऱ्या वाटल्या. आत्याच्या घरून आलेलं नाव, मोडायचं कसं? धपाटे घालायला बायका मात्र सगळ्या तिकडे. इकडे एकटी मथुरा. तिनं सगळ्यांच्या वाटचे घातले.

भाऊ चाचरत म्हणाला, "दाजी, नाव जरा वेगळंच आहे. अर्थ काय त्याचा?"

केरोबानं पाठ चोळली.

"अर्थ नाही," तो म्हणाला, "पण मजबूत आहे. कुणी चोरणार नाही."