दोरा बांधलेला मल्लखांब

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरापलीकडच्या राज्यात एक गाव होतं आणि त्या गावाचा सगळा जीव मल्लखांबात होता. इतर गावं देवळाच्या कळसावरून ओळखली जात, हे गाव मैदानातल्या सागवानी खांबावरून. सकाळी पोरंपोरी खांबावर चढली की बघणाऱ्या म्हाताऱ्यांची न्याहारी हमखास लांबायची.

त्या खांबाला एरंडेल चोळायचं काम बायजाक्काकडे होतं. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण एकेकाळी हीच बायजा खांबाच्या टोकावर एका पायावर उभी राहायची. तेल चोळता चोळता ती जुन्या दिवसांत जाऊन बसायची. ती लाल माती, कोणी पडलं की सगळ्यांचं ते खिदळणं, सराव संपल्यावर एकाच परातीतली गूळभाकरी. तिच्याबरोबर शिकलेला महिपती आता गावाचा वस्ताद झाला होता. त्याच्यावर तिची सख्ख्या भावासारखी माया होती.

आणि नेमकी त्याच्याविरुद्ध तक्रार आली.

तक्रार केली रंगूने. चौदा वर्षांची, खांबावरची सगळ्यांत चपळ पोर. तिने पंचांना सांगितलं, "अंग हलकं राहावं म्हणून वस्ताद आम्हांला दोन-दोन दिवस उपाशी ठेवतात. पडलो तर वेताने मारतात. माझी मैत्रीण भुकेने घेरी येऊन पडली, तिचा हात मोडला. तर म्हणाले, घरी सांग पाय घसरला म्हणून."

गावाची एक रीत होती. अशी तक्रार आली की खांबाला पांढरा दोरा बांधायचा. निकाल लागेपर्यंत कोणी खांबाला हात लावायचा नाही, आणि तक्रार करणाऱ्याशी किंवा ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्याशी घरच्यांखेरीज कोणी बोलायचं नाही. साक्षीवर कोणाचा दाब येऊ नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूने माणसं काय काय करून बसतात, ते आता ऐका.

पंच प्रामाणिक होते, पण भारी सावकाश. एकेका मुलीला बोलवायचे, तेच तेच विचारायचे. मुली मान खाली घालून म्हणायच्या, "आम्हांला काही माहीत नाही." असा महिना गेला. रंगू पाणवठ्यावर आली की बायका घागरी उचलून चालू लागत. मैत्रिणी वाट बदलत. एक तर रीत, त्यात सराव बंद पडल्याचा राग. घरचे बोलत, पण "उगाच तोंड उघडलंस" एवढंच. वस्तादाच्या दारातही कोणी फिरकेना. तो एकटाच घरात बसून असे.

एके सकाळी रंगूने बायजाक्काला ओढ्यावर गाठलं.

"आक्का, मी उद्या पंचांना सांगते, मी खोटं बोलले. मग तरी सगळ्या माझ्याशी बोलतील ना?"

बायजाक्काने तोंड उघडलं, तिला रीत आठवली, आणि तिने ते मिटलं. टोपली उचलून ती घरी निघून आली.

घरी येऊन बसली, पण तिला चैन पडेना. तिला गोदा आठवली. गोदा तिची जिवाभावाची मैत्रीण. गोदानेही कधीकाळी तेव्हाच्या वस्तादाविरुद्ध अशीच तक्रार केली होती, खांबाला असाच दोरा बांधला होता, आणि बायजाने इमानेइतबारे रीत पाळली होती. एक दिवस गोदा गाव सोडून गेली. कुठे गेली, ते कोणाला कळलं नाही. जुन्या दिवसांच्या त्या गोड आठवणींतून बायजाक्का गोदाला नेहमी वगळत आली होती. त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पंच बसले, तेव्हा रंगूच्या आधी बायजाक्काच पुढे झाली.

"पंच, दोरा खांबाला बांधलाय की पोरीच्या गळ्याला?"

"आक्का, साक्ष निर्मळ राहावी म्हणून ही रीत आहे."

"राहू द्या निर्मळ. साक्षीबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. पण ती जेवली का, झोपली का, हे विचारायला मला मुभा द्या. इथे उभी राहील तेव्हा मी तिच्या शेजारी गप्प उभी राहीन."

मागून कोणीतरी खवचटपणे म्हणालं, "आणि वस्तादाला कोण विचारणार?"

"मीच," बायजाक्का म्हणाली. "दोष ठरायचाय अजून. आणि ठरला तरी त्याला भूक लागणारच आहे."

पंचांनी बराच विचार केला आणि मुभा दिली. रंगू त्या दिवशी तक्रार मागे न घेताच घरी गेली.

मग बायजाक्का रोज सकाळी रंगूबरोबर ओढ्यावर बसू लागली. गप्पा साऱ्या जुन्या काळच्या. गोदाची गोष्टही तिने सांगितली, काही न लपवता. दुपारी ती महिपतीकडे डाळभात घेऊन जाई.

"आक्का, पोरीला सांग ना तक्रार मागे घ्यायला," तो एकदा म्हणाला.

"हे मी ऐकलं नाही. डाळ खारट झालीय का, तेवढं सांग."

साक्षीच्या दिवशी रंगू उभी राहिली आणि तिने आधी बाजूला पाहिलं. बायजाक्का शेजारी नुसती उभी होती. मग रंगू बोलली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती बोलून बसली, तशी मागची एक मुलगी उठली. मग दुसरी. खरं बोलणारीला वाळीत टाकत नाहीत, हे त्या रोज ओढ्यावर बघत होत्या.

पंचांनी वस्तादाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

महिपतीने एकदा बायजाक्काकडे पाहिलं. "पोरी खरं बोलतात," तो म्हणाला.

त्याची वस्तादी कायमची गेली. जाताना तो बायजाक्काला म्हणाला, "तू रोज आली नसतीस, तर मी आजही खोटंच बोललो असतो."

बायजाक्का घरी जाऊन पोटभर रडली. गोदासाठी रडली, महिपतीसाठीही रडली.

त्या वर्षापासून गावाने रीतीत एक भर घातली. तक्रार आली की दोन शहाणी माणसं नेमायची, दोन्ही घरी एकेक. त्यांनी साक्षीबद्दल बोलायचं नाही, फक्त सोबत करायची. त्यानंतर त्या गावातून कोणी गोदासारखं निघून गेलं नाही.

तात्पर्य: खरं-खोटं ठरायला वेळ लागतो, तोवर कोणालाही एकटं सोडू नये.