हातावर दही

एका गावात एक बाई राहत होती. गावाचं नाव लक्षात ठेवावं असं त्या गावाने काही केलेलं नाही, म्हणून ते सोडून देऊ. बाईला लहानथोर सगळेच काकू म्हणत.

काकू रोज संध्याकाळी दही लावायची. त्यात सांगण्यासारखं काय, दही सगळेच लावतात. पण काकू एकटी होती, आणि ती दही खातही नव्हती. खाल्लं की तिला खोकला व्हायचा. तरी दिवेलागणीच्या आधी ती दूध तापवायची, कोमट झालं का ते करंगळी बुडवून बघायची, चमचाभर विरजण त्यात फिरवायची आणि मडकं झाकून ठेवायची. थंडीच्या दिवसांत मडक्याला घोंगडीचा तुकडा गुंडाळायची, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसा. सकाळी दही शेजारीपाजारी वाटून टाकायची आणि संध्याकाळसाठी चमचाभर मागे ठेवायची. गावातल्या कुठल्याही घरचं दही घ्या, त्याचा मूळपुरुष काकूच्या मडक्यातच निघायचा.

कारण गावाला ठाऊक होतं. काकूचा एकुलता मुलगा, मिसरूड फुटायच्या वयाचा, एका थंडीत व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दूरदेशी निघाला होता. घरातलं कोणी प्रवासाला निघालं की त्याच्या हातावर दही घालायचं, त्याने ते चाटायचं आणि ‘येतो’ म्हणून उंबरा ओलांडायचा, ही आपल्याकडची रीत. काकूने आदल्या संध्याकाळी दही लावलंही होतं. पण तांडा ठरल्यापेक्षा लवकर निघाला, आणि गारठ्यामुळे दही लागलंच नव्हतं. काकूने मडकं कलतं करून पाहिलं. आत नुसतं दूध हललं. बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या.

मुलाने पुढे केलेला हात मागे घेतला. तळहातावर जुना आडवा वण होता. लहानपणी कैरी चिरायला विळीवर बसला होता, तेव्हाचा.

“राहू दे आई,” तो म्हणाला. “आलो की घाल.”

दही जाताना घालतात, आल्यावर नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण निघणारं माणूस घाईत काहीतरी बोलून जातं आणि मागे राहिलेलं माणूस ते धरून बसतं.

त्या दिवशी दुपारी दही लागलं. घट्ट, गोड, सुरीने कापावं असं लागलं. तोवर तांडा टेकडीपलीकडे गेला होता.

मुलगा आला नाही. निरोपही आला नाही. काकू त्याच विरजणाचं दही लावत राहिली. दही ती कोणालाही द्यायची, पण कोणाच्या हातावर घालायची नाही. शेजारीण कधी म्हणायची, “काकू, आमचे हे बाजाराला निघालेत. तुमच्या हातून घाला की.” काकू वाटी पुढे करायची. “घेऊन जा. घाल तूच.” तेवढं एक ठेवलेलं होतं. कोणासाठी ते सगळे जाणून होते, म्हणून कोणी आग्रह करत नसे.

पुढे काकूचे हात कापायला लागले. एका संध्याकाळी शेजारीण म्हणाली, “काकू, अर्धं दूध चुलीत सांडतंय. आता कशाला हे रोजचं?”

“सवय गं,” काकू म्हणाली.

बोलून गेली खरी, पण तो शब्द तिला काट्यासारखा बोचत राहिला. खरंच सवयच असेल तर? घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि त्यालाही वाटत असेल की आपण कुठेतरी पोचणार. मुलगा तिकडून आठवण काढतोय, ओढतोय, म्हणून आपला हात विरजणाकडे जातो, असं तिने इतकी वर्षं धरलं होतं. तिकडे कोणी नसेलच, तर हे मडकं कशासाठी?

त्याच सुमारास गावात एक साधू आला. त्याच्याजवळ एक पितळी परात होती आणि एक विद्या होती. परात चांगली घासलेली दिसत होती. विद्येचं अजून कळायचं होतं.

चावडीच्या ओट्यावर बसून साधू म्हणाला, “तुम्हाला वाटतं, तुमचा हात तुम्ही हलवता. तसं नाही. माणूस देतो, मारतो, वाकतो, हात जोडतो, त्या प्रत्येक वेळी मागे कोणीतरी उभं असतं आणि ढकलत असतं. या परातीतल्या पाण्याकडे पाहत आपलं रोजचं काम करा. ढकलणारा पाण्यात दिसेल.”

गाव तयार झालं. आपल्यामागे देव उभा असणार याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

आधी पाटील आले. पाटलांचं अन्नदान पंचक्रोशीत गाजलेलं. त्यांनी पाण्याकडे पाहत एका भिकाऱ्याच्या पानावर भात वाढला. पाण्यात त्यांच्यामागे शेजारच्या गावचा पाटील उभा होता, हातात यांच्याहून मोठा डाव घेऊन.

“हा इथे काय करतोय?” पाटील ओरडले.

“वाढतायत तेच,” साधू म्हणाला. “तुम्ही फक्त हात दिलाय.”

मग पुजाऱ्याने घंटा वाजवली. त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून कोणीतरी उभं दिसलं. लोकांनी विठोबा समजून हात जोडले. नीट पाहिल्यावर ती पुजाऱ्याची बायको निघाली. घरात तांदूळ संपले होते.

पंतोजींनी छडी उगारली. त्यांच्यामागे एक वाळकुडा म्हातारा छडी उगारून उभा होता. ते त्यांचेच पंतोजी, वारून जमाना झालेले. त्यांच्यामागे आणखी एक छडी, तिच्यामागे आणखी एक. आमचे पंतोजी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले, मग छडी तिथेच ठेवून घरी गेले. त्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाली. त्या विद्येचा गावाला झालेला उघड फायदा एवढाच.

दुसऱ्या दिवशी चावडीकडे कोणी फिरकलं नाही. सत्य बघायला गर्दी होते, पण ते शेजाऱ्याचं असेल तोवर.

दुपारी काकू आली. एका हातात दुधाचं मडकं, दुसऱ्या हातात विरजणाची वाटी.

“महाराज, पाण्यात लांबचं माणूस दिसतं?”

“असेल तर दिसतं. लांब-जवळ पाण्याला कळत नाही.”

काकूने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “तो तिकडून ओढत असेल तर मरेपर्यंत दही लावीन. आणि ही नुसती सवय असेल, तर आजचं शेवटचं. मडकं पालथं घालते आणि मोकळी होते.”

“माई, एकदा दिसलं की न पाहिल्यासारखं करता येत नाही. हवं तर पाटलांना विचार.”

“पाटलांचं पाटलांपाशी. तुम्ही पाणी भरा.”

साधूने परात भरली. काकूने करंगळी दुधात बुडवून पाहिली, चमचाभर विरजण घेतलं आणि पाण्याकडे पाहत दुधात फिरवलं.

पाण्यात तिचा चेहरा दिसला, तिचा कापणारा हात दिसला. मागे कोणी नव्हतं. ओट्याची भिंत तेवढी होती.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “सवयही नाही?”

साधू पुढे वाकला. “थांब, माई. मागे नाही. समोर बघ.”

परातीच्या पलीकडच्या काठाशी, पाण्यात, एक तळहात पुढे आलेला होता. मनगटापर्यंतच दिसत होता, बाकीचा माणूस परातीबाहेर. हात ढकलत नव्हता, मागतही नव्हता. नुसता पसरलेला होता, रिकामा, दही घालून घ्यायला धरतात तसा.

“गावोगाव फिरलो,” साधू पुटपुटला, “ढकलणारेच पाहिले. ओढणारं पहिल्यांदा दिसतंय.”

काकूला त्याचं बोलणं ऐकूच आलं नाही. ती वण शोधत होती. उजवा हात होता. बोटं लांब होती, पण मुलगा गेला तेव्हा वाढत्या वयाचा होता, बोटं वाढली असतील. ती आणखी वाकली, आणखी वाकली, आणि तिचा कापरा हात परातीच्या काठाला लागला. पाणी हललं. ते निवळलं तेव्हा त्यात फक्त आभाळ होतं.

“वण होता का?” तिने साधूचा दंड धरला. “आडवा वण. तुम्ही पाहिला असेल!”

“मी हात पाहिला, माई. वण बघायचा होता हे मला कुठे ठाऊक?”

“मग पुन्हा दाखवा.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग तुमच्या हातात आहे काय?”

“परात,” साधू म्हणाला. तो खोटं बोलणारा नव्हता, एवढं त्याच्याबद्दल म्हणता येईल.

काकू मडकं घेऊन घरी आली. मुलगा आहे की नाही, हे तिला कळलं नव्हतं. पण कोणाचा तरी हात रिकामा आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने मडक्यावर झाकण ठेवलं, घोंगडीचा तुकडा गुंडाळला आणि मडकं चुलीजवळ ठेवलं.

सकाळी साधू निघाला. गावाने त्याला संध्याकाळीच नारळ देऊन टाकला होता, आणि लवकर पोचावं म्हणून पाटलांनी स्वतःची गाडी देऊ केली होती. कुठे पोचावं हे त्यांनी विचारलं नाही. साधू पायीच निघाला. वाट काकूच्या दारावरून जात होती.

“थांबा महाराज,” काकू दारातून म्हणाली. “हात पुढे करा.”

तिच्या हातातली दह्याची वाटी पाहून साधू हसला. “माई, ते परत येणाऱ्यासाठी असतं. मला कुठे परत यायचं असतं? मी ‘जातो’ म्हणणारा माणूस.”

“हात करा म्हटलं ना.”

साधूने परात काखेत धरली आणि उजवा हात पुढे केला. काकूने तळहात पाहिला. वण नव्हता. असणार नव्हताच, तरी तिने पाहिला.

चमचा दह्यात बुडाला आणि तिथेच थांबला. हे दही मुलाचं होतं. इतक्या वर्षांत ते कोणाच्या हातावर घातलं नव्हतं, आणि आज घालायचं तर एका वाटसरूच्या? एकदा घातलं की ठेवलेलं असं काही उरणार नव्हतं. तिच्या मनात आलं, वाटीच पुढे करावी, म्हणावं, घ्या, वाटेत खा.

मग तिने पुन्हा त्या हाताकडे पाहिलं. मनगटापर्यंतचा, पसरलेला, रिकामा. पाण्यात असाच होता. आपला मुलगाही कुठल्यातरी गावातून आज निघत असेल. कुठल्यातरी दारावरून जात असेल. त्या दारातल्या बाईनेही दही आपल्या मुलासाठी ठेवलेलं असेल, आणि तीही चमचा धरून अशीच थांबली असेल.

काकूने दही साधूच्या हातावर घातलं. हात कापत होता तरी थेंब सांडला नाही.

साधूने दही चाटलं. लहान मुलासारखं तळहात स्वच्छ होईपर्यंत चाटलं, मग तो उंबऱ्यापुढून वळला आणि म्हणाला, “येतो.”

म्हणून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

वेशीबाहेरच्या ओढ्यावर त्याने परात भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा हात पाण्यावर धरला. त्याला काय दिसलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. पण तो उत्तरेला जाणार म्हणून निघाला होता, आणि ओढ्यापासून दक्षिणेच्या वाटेला लागला, घराकडे निघालेल्या माणसासारखा भराभर. परात ओढ्यावरच राहिली. पुढे पुष्कळ वर्षं गावातल्या बायका तिच्यात कपडे भिजवत असत. त्यात कोणाला काही दिसल्याचं ऐकिवात नाही.

त्या दिवसापासून गावातून जो कोणी निघेल तो आधी काकूच्या दारी थांबू लागला. लग्नाला जाणारे, बाजाराला जाणारे, सासरी निघालेल्या मुली, एकदा तर खुद्द पाटील. काकू सगळ्यांच्या हातावर दही घालायची. मात्र घालण्याआधी प्रत्येकाचा तळहात हातात घेऊन ती क्षणभर निरखून बघायची. लोकांना वाटायचं, काकू रेषा वाचते.

मुलगा आला का? ऐकणारी मुलं हे विचारतातच. गोष्ट सांगणाऱ्यांनी ते सांगितलेलं नाही. दही मात्र रोज लागत होतं.

तात्पर्य हवंच असेल तर एवढं घ्यावं: आपल्याला मागून ढकलणारा कोण, हे जमेल तेव्हा वळून पाहावं, पण समोरून ओढणारा हात कोणाचा, हे कळेपर्यंत दही झाकून ठेवू नये.