दारांचं सरण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, ऐका. तेव्हा धावडाटोल्याच्या डोंगरावर सावलीपुरतंही झाड नव्हतं. होतं ते गावानंच तोडून विकलं होतं, मग दोष द्यायचा कुणाला? झरा आटला आणि मोहाचं फूल पोरांना सांगूनच कळायचं.

अशात दूरदेशीच्या कारखानदारांची माणसं आली. त्यांच्या धुरानं आभाळ काळवंडलं होतं, आणि झाडं धूर पितात हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, जंगल पुन्हा उभं करा, झाडं जेवढा धूर पितील तेवढ्याचे पैसे गावाला देऊ. मात्र चाळीस वर्षं एकाही उभ्या झाडाला कुऱ्हाड लागायची नाही. याला कार्बनचा करार म्हणत. गावसभा भरली, तेव्हा भिवरामाय उठली. विधवा बाई, एक लेक पदरात. तिनं गावाच्या वतीनं शब्द दिला. सरपणाचा विचार झाला, गुरांच्या चाऱ्याचा झाला, पण सरणाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

असं म्हणतात, की भिवरामाय डोक्यावर घागर घेऊन एकेका रोपाला पाणी घालत चढली, आणि झरा तिच्या मागोमाग डोंगरावर चालत आला. बारा वर्षांत डोंगर हिरवागार झाला. तिचा लेक डोमा त्याच जंगलात वाढला आणि राखणदार झाला.

तेराव्या चैत्रात वणवा लागला. डोमानं ओल्या पोत्यानं आग झोडपली. जंगल वाचलं, पण डोमा धुरात गुदमरून गेला.

तोवर गावात कुणी मेलं की जंगलात गळून पडलेल्या लाकडावर भागायचं. वणव्यानं तेही खाल्लं होतं. लोक कुऱ्हाड घेऊन आले.

"एकच धावडा तोडू, माय. डोमानंच तं जंगल वाचोलं."

"आज माह्या डोमासाठी तोडान, उद्या कोनासाठी? उघडा डोंगर म्या पायला हाय," ती म्हणाली. "ठेवा ते कुऱ्हाड खाली."

ती घरी गेली आणि तिनं आधी दार उतरवलं. मग खाट काढली, मग वासे, मग आढं. दिवस मावळायच्या आत घराच्या नुसत्या भिंती उरल्या, आणि स्मशानात सरण उभं राहिलं. काही जण म्हणाले, बाई दगडाच्या काळजाची. बोलणारे आपापल्या छपराखाली बसून बोलत होते. चितेपुढे तिनं फोडलेला हंबरडा ऐकून गुरांनीही चारा सोडला.

असं म्हणतात, की त्या चितेचा धूर वर गेलाच नाही. जमिनीला लागून तो जंगलात शिरला आणि झाडांनी तो पिऊन टाकला. त्या साली धावड्याची पालवी काळी फुटली.

पुढच्या वर्षी मोजणीवाले आले. झाडं पुरी भरली, ते खूश झाले. डोमाचं त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्या कारखान्यांचा धूर कमी झाला नाही, असंही म्हणतात.

भिवरामायनं पुन्हा घर बांधू दिलं नाही. पळसाच्या पानांखाली, उघड्या भिंतींत ती म्हातारी झाली, आणि एका पौषात थंडीनं गेली. तिच्या घरी जाळायला काडी नव्हती. मग ज्यांनी तिला दगड म्हटलं होतं, त्यांच्या घरचं दार आधी निघालं. पाठोपाठ सगळ्या गावाची दारं निघाली. तो सगळा हिवाळा धावडाटोला बिनदाराचा कुडकुडला.

आजही तिथं कुणी मेलं, की सरणाचं लाकूड जंगलातून येत नाही, घराघरातून येतं. आणि नवी सून घरात आली, की सासू तिचा हात दारावर ठेवते आणि सांगते, "हे दार आपलं नाय, बाई. भिवरामायचं हाय. कोनी मरेपावतर आपुन वापरतो."