काढ शब्दाची वाटणी

भोळा माणूस गावात एकच असला, तरी सगळ्या गावाला पुरतो. निंबोळ्यात तो नागू होता. वय तिशीचं, अंग दणकट, आणि अक्षर इतकं सुरेख की लोक मजकूर न वाचता नुसते अक्षराकडे बघत राहत. नागूही मजकुराच्या भानगडीत पडत नसे. तो फक्त उतरवत असे.

म्हणून पर्वतेमास्तरांनी त्याला कामाला ठेवलं. मास्तर दरवर्षी देवीच्या जत्रेसाठी नाटक लिहीत. राजा, राणी, लढाई आणि शेवटी लग्न. यंदा मात्र शेवटी राणी मरत होती. मास्तरांची पत्नी श्रावणात गेली होती. 

मरताना राणी राजाला म्हणते, "रोज माझी आठवण काढा. एवढंच मागते."

बाकीचं नाटक मास्तरांनी या वाक्यासाठी लिहिलं होतं. "जत्रेत तेवढं एक नीट ऐकू आलं की झालं," असं ते बहिणीला म्हणाले. बहीण म्हणजे अंबूताई. भावाचं घर बघायला येऊन राहिली होती.

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "नागू, पहिल्या अंकातल्या चुका काढ."

नागूचं शुद्धलेखन पक्कं होतं. त्याने ब्लेड घेतलं आणि चुकलेला एकेक शब्द नीट चौकोनी कापला. पानांची चाळण झाली.

"अरे, हे काय?"

"काढल्या. सतरा निघाल्या."

"कापायचं नसतं रे! काढ म्हणजे शोधून दाखवायचं."

"बरं," नागू म्हणाला आणि लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. "नागू, काटा काढ."

नागूने पाय मांडीवर घेतला, निरखला, बोट लावून म्हणाला, "हा इथे आहे." मग पाय खाली ठेवला आणि लिहायला बसला.

"अरे, काढ ना!"

"काढला की. पुन्हा दाखवू?"

"दाखवून काय करतोस! ओढ आणि लांब फेक! काढ म्हणजे फेकून द्यायचं!"

"बरं."

मास्तरांनी तिसरा अंक नव्याने लिहून पाहिला होता. तो जमला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती नवी पानं बंबात घातली आणि न्हाणीघरातून हाक दिली, "नागू, नवं काही खरं नाही. जुनी वही काढ."

आंघोळ करून ते बाहेर आले.

"जुनी वही काढलीस?"

"काढली."

"कुठाय?"

"विहिरीत."

"विहिरीत?"

"तुम्हीच म्हणालात, लांब. आपल्या आवारात त्याहून लांब काही नाही."

मास्तर खाली बसले. जत्रा बारा दिवसांवर होती. तिसरा अंक आता आठवून लिहायचा होता, आणि राणी तिसऱ्याच अंकात मरत होती.

"काढ म्हणजे," ते दात आवळून म्हणाले, "आत असेल ते बाहेर आणून समोर मांडायचं. समोर!"

"मग आधी तसं सांगायचं," नागू म्हणाला.

चौथ्या दिवशी जत्रेचे पंच नाटकाची वेळ ठरवायला यायचे होते. अंबूताई म्हणाली, "नागू, पाहुणे येतायत. केर काढ."

पंच आले तेव्हा केर सतरंजीवर मांडलेला होता. माळ्यावरचा वेगळा, चुलीमागचा वेगळा, कोपऱ्यातली जाळी वेगळी. मधे पाहुण्यांना बसायला जागाही सोडली होती.

"मास्तर, हे काय?" एका पंचांनी विचारलं.

"नाटकातलं असेल," दुसरे समजुतीने म्हणाले आणि केराशेजारी बसले.

पंच गेल्यावर अंबूताईने पदर खोचला. "दादा, चूक त्याची नाही. एका शब्दाला किती कामं लावलीस तू? वही काढ म्हणजे आण. केर काढ म्हणजे टाक. एकाच सुनेने भाकऱ्याही थापायच्या आणि नांगरही धरायचा, असं झालंय. वाटणी कर."

"शब्दाची वाटणी? अंबू, भाषा अशी चालत नाही."

"तुझी भाषा विहिरीत पडलीय."

तिने खडू घेतला आणि भिंतीवर लिहिलं. केर झाडायचा. काटा उपटायचा. पाणी शेंदायचं. चूक शोधायची. वही आणायची. रांगोळी रेखायची. खाली दोन रेघा मारून लिहिलं, 'काढ हा शब्द या घरात बंद.'

त्या दिवसापासून घर सुरळीत चालू लागलं. चष्मा आण म्हटलं की चष्मा येई. पाणी शेंद म्हटलं की पाणी येई. मास्तरांची जीभ कधी घसरली, तर नागू यादीकडे बोट करून उभा राही. शेजारची काशीबाई सगळी यादी उतरवून घेऊन गेली. तिच्या घरी नवरा होता.

मास्तरांनी तिसरा अंक पुरा केला. राणीचं ते वाक्य आठवावं लागलं नाही.

"नागू, सगळं नाटक एका वहीत स्वच्छ उतरव. एक शब्दही इकडचा तिकडे करू नकोस."

नागूने केला नाही. प्रत्येक शब्द जागच्या जागी ठेवला. फक्त बंद झालेला शब्द आला, की यादीतला जवळचा वाटेल तो चालू शब्द घातला. शेवटच्या पानावर मात्र तो अडला. आठवणीच्या जवळचं यादीत काहीच नव्हतं.

तो मास्तरांकडे गेला. "मास्तर, बाईंची आठवण केव्हा असते?"

मास्तरांच्या हातातलं पेन थांबलं. इतक्या महिन्यांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"रोज सकाळी रे. उठल्या उठल्या. चहाच्याही आधी."

"बरं," नागू म्हणाला आणि भिंतीपाशी गेला. यादीतलं एकच काम अंबूताई त्याच्याकडून रोज सकाळी चहाच्या आधी करून घेई.

मास्तरांनी नवी वही चाळली. अक्षर पाहून खूश झाले आणि वही तालमीला पाठवून दिली. स्वतः तालमीला गेले नाहीत. ते वाक्य एकदाच, जत्रेत ऐकायचं होतं.

राणीचं काम गावचा शिंपी वसंता करी. त्याला शंका आली होती. राजा झालेला दिगंबर त्याला म्हणाला, "मास्तर शिकलेले आहेत. असेल काही."

जत्रेच्या दिवशी दुपारी नाटक उभं राहिलं. मांडव भरला होता. मास्तर पहिल्या रांगेत होते.

"तलवारी उपटा!" राजा गरजला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"महाराज, शत्रूने पळ शेंदला!" शिपाई ओरडला. मास्तर खुर्चीत ताठ झाले.

तिसऱ्या अंकात राणी राजाच्या मांडीवर कोसळली. मांडवात कोणी खोकत नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटले.

"महाराज," वसंता क्षीण आवाजात म्हणाला, "रोज माझी आठवण झाडा. एवढंच मागते."

"झाडीन, राणी," दिगंबरने हुंदका दिला. "शेवटच्या श्वासापर्यंत झाडीन!"

 मग सगळा मांडव हसत सुटला. "वन्स मोअर!" पंच ओरडले. वन्स मोअर मिळाला, की द्यावाच लागतो. राणी उठून बसली, पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा मेली. पुन्हा वन्स मोअर.

नागू विंगेत उभा होता. राजा दोनदा झाडीन म्हणाला आणि त्याच्या हातात काहीच नाही, हे त्याला बरं दिसेना. तिसऱ्या वेळी त्याने पुढे होऊन राजाच्या हातात केरसुणी दिली.

मास्तर उभे राहिले. त्यांचा आवाज फुटला. "नागू! माझं वाक्य काढ! माझं जुनं वाक्य काढ!"

 नागूने रंगमंचाच्या कडेला येऊन हात जोडले.

"मास्तर, तो शब्द बंद आहे," तो अदबीने म्हणाला. "झाडू, उपटू, की शेंदू?"